घरपोच सेवेवरील कर आणि घरातील रुग्ण

वस्तू व सेवा कर परिषदेची 56वी बैठक 3 सप्टेंबर 2025 रोजी नवी दिल्लीत झाली आणि पुढचे काही दिवस माझ्या दवाखान्यात रक्तदाबाच्या बरोबरीने कराचीही चर्चा होत राहिली. बहुतेक औषधांवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला होता. 33 जीवरक्षक औषधांवरचा कर पूर्णच काढून टाकण्यात आला होता. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर आकारला जाणारा 18 टक्के कर रद्द झाला होता आणि निवृत्तिवेतनावर जगणारी मंडळी त्यामुळे विशेष सुखावली होती. या निर्णयांचे मी तेव्हा स्वागत केले, आजही करतो. त्याच बैठकीत आणखी एक निर्णय झाला. अ‍ॅपच्या माध्यमातून दिल्या जाणाऱ्या स्थानिक घरपोच सेवेवर 18 टक्के कर लावण्यात आला आणि तो सरकारजमा करण्याची जबाबदारी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीवर टाकण्यात आली. 22 सप्टेंबरपासून तो लागूही झाला. त्यावर जी काही चर्चा कानावर आली ती प्रामुख्याने हॉटेलातून जेवण मागवणाऱ्यांविषयी होती. घरात पडून असलेल्या रुग्णाचा उल्लेख मला कोठे आढळला नाही, आणि म्हणून हे लिहीत आहे.

हा कर औषधांच्या, रुग्णोपयोगी साहित्याच्या आणि रुग्णाच्या आहाराच्या घरपोच सेवेवर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरपोच सेवेवर आणखी काही कर वा अधिभार बसवण्याचा प्रस्ताव उद्या कोणी मांडला, तर त्यालाही माझा विरोध राहील.

प्रथम हा कर कसा बसतो ते समजून घेऊ. पोहोचवणारा मुलगा हा कायद्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र सेवा पुरवठादार आहे. सेवांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे 20 लाख रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असणाऱ्याला या कराची नोंदणी करावी लागत नाही. दुचाकीवर फिरणाऱ्या मुलाची कमाई त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे त्याच्या मोबदल्यावर कर बसत नव्हता. आता कायद्यातील कलम 9(5) अन्वये असे ठरले की, पुरवठादार नोंदणीकृत नसेल तर त्याच्या वतीने कंपनीने कर भरावा. टॅक्सी आणि हॉटेलचे जेवण यांच्या बाबतीत हीच रीत पूर्वीपासून होती. हिशेबाच्या दृष्टीने ही रचना नीटनेटकी आहे, हे मान्य. कंपनीने कर स्वतः सोसायचा की ग्राहकाच्या पावतीत मिळवायचा, हे मात्र कंपनीच्या मर्जीवर आहे. आणि व्यापारात अशी मर्जी कोणत्या बाजूला झुकते, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता थोडे आमच्या क्षेत्राकडे पाहू. डॉक्टरने केलेल्या तपासणीवर आणि उपचारांवर कर नाही. मी रुग्णाच्या घरी जाऊन त्याला तपासले तरी माझ्या शुल्कावर कर नाही. रुग्णाला रुग्णालयात नेणारी रुग्णवाहिका करमुक्त आहे. आजारी माणसाच्या अडचणीतून सरकारने पैसा उभा करू नये, हे तत्त्व या सवलतींमागे आहे आणि ते योग्यच आहे. मग तपासणी करमुक्त, रुग्णाला औषधांपर्यंत नेणारे वाहन करमुक्त, पण औषध रुग्णापर्यंत आणणाऱ्या दुचाकीच्या भाड्यावर 18 टक्के, हे कोणत्या न्यायाने? ज्या गोळ्यांवर 5 टक्के कर आहे, त्या गोळ्या जिन्यावरून वर आणण्यावर 18 टक्के! आणखी एक गंमत पाहा. औषधाच्या दुकानदाराने स्वतःच्या मुलाकरवी तीच पाकिटे पाठवली आणि पोहोचवण्याचा खर्च आपल्याच पावतीत धरला, तर सर्वसाधारणपणे त्या खर्चालाही औषधाचाच दर लागतो. म्हणजे गल्ली तीच, गोळी तीच, जिनाही तोच; मध्ये अ‍ॅप आले की दर बदलतो.

रकमा लहान आहेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. 40 रुपयांच्या शुल्कावर 7 रुपये 20 पैसे. एवढ्याशा रकमेने कोणाचे काय बिघडते? थोडे गणित करून पाहू. 12 टक्के कर असताना 200 रुपयांना मिळणारे औषध, कर 5 टक्के झाल्यावर साडेसत्याऐंशी रुपये वर शंभर, म्हणजे 187 रुपये 50 पैशांना मिळायला हवे. रुग्णाचे साडेबारा रुपये वाचले. तेच औषध त्याने घरी मागवले आणि पोहोचवण्याच्या शुल्कावर 7 रुपये 20 पैसे कर भरला, तर वाचलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग दाराशीच परत गेला. सरकारने मोठ्या समारंभाने दिलेली सवलत अशी मागच्या दाराने निघून जाते.

याहून गंभीर बाब वेगळी आहे. ठरावीक रकमेच्या वर मागणी नोंदवली की पोहोचवण्याचे शुल्क माफ, अशी बहुतेक अ‍ॅपची पद्धत असते. शुल्कच नसेल तर त्यावर करही नाही. म्हणजे ज्याला एका वेळी 2,000 रुपयांची औषधे घेता येतात, तो हा कर भरत नाही. जो माणूस महिन्याच्या शेवटी दहा गोळ्यांची एकच पट्टी मागवतो, तो शुल्कही भरतो आणि त्यावरचा करही भरतो. आमच्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांत महिन्याची औषधे एकदम आणण्याची ऐपत नसते. कमाई जशी हाती येते तशी औषधे येतात. महिन्यातून चार वेळा मागवणाऱ्या अशा घराला वर्षाकाठी सुमारे 345 रुपये केवळ कर म्हणून द्यावे लागतील. मधुमेहाच्या साध्या गोळ्यांवर असलेल्या कित्येक रुग्णांचा दीड-दोन महिन्यांचा औषधखर्च एवढाच असतो.

माझ्या एक जुन्या रुग्ण आहेत, वय वर्षे 76. तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे संधिवाताने झिजलेले. यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, त्यानंतर अपस्माराचे झटके येऊ लागले. दिवसातून दोन वेळा लेव्हेटिरासिटॅमची गोळी चालू आहे. मुलगी नाशिकला असते. तिनेच आईच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून दिले आणि ते वापरायलाही शिकवले. काही महिन्यांपूर्वी मी त्यांच्या घरी गेलो असता गोळ्यांचे रिकामे पाकीट दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या रात्रीपासून गोळी नाही. फुकट पोहोचवण्याच्या मर्यादेला अजून 140 रुपये कमी पडत होते, म्हणून त्या आणखी काही संपण्याची वाट पाहत थांबल्या होत्या. मी थोडा आवाज चढवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आठ-दहा रुपयांनी मी काही भिकेला लागत नाही हो. पण पावतीवर शुल्क, शुल्कावर कर, असं ओळीनं लिहिलेलं दिसलं की वाटतं, आपण घरी बसून चैन करतोय."

याचे सगळे खापर मी करावर फोडणार नाही. शुल्क आधीही होते आणि वाट पाहण्याची सवयही आधीची असणार. परंतु अपस्माराची गोळी अचानक थांबली तर झटका परत येऊ शकतो, आणि अर्धांगवायूने दुर्बळ झालेल्या माणसाला झटक्यात पडून मांडीचे हाड मोडणे किती सोपे आहे, हे मी जाणतो. त्या दिवशी तसे काही घडले नाही. खालच्या मजल्यावरचा मुलगा धावत जाऊन औषध घेऊन आला. तो मुलगा दर वेळी घरी असेलच असे नाही.

दीर्घ आजारात औषध नियमितपणे घेतले जाणे ही आम्हा डॉक्टरांची सर्वांत जुनी आणि सर्वांत कंटाळवाणी लढाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी केवळ निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे नमूद आहे. गरीब देशांतील स्थिती त्याहून बिकट असल्याचेही त्यात म्हटले आहे. औषध सुटण्याची कारणे मोठी नसतात. पाऊस असतो, पाय दुखत असतो, सून माहेरी गेलेली असते, सुटे पैसे नसतात. अशा बारीक-सारीक अडथळ्यांच्या रांगेत सरकारने स्वतःच्या हाताने आणखी एक अडथळा का उभा करावा? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जवळजवळ 10 टक्के लोकसंख्या साठीच्या पुढची होती. त्यानंतर हे प्रमाण वाढलेच आहे, आणि मुले दूर असलेल्या घरांची संख्याही.

घरपोच सेवा ही नव्या पिढीची ऐट आहे, असा एक सूर ज्येष्ठांच्याच बैठकीत ऐकू येतो, तेव्हा मला आश्चर्य वाटते. आपल्या लहानपणी दूध दाराशी येत होते, वर्तमानपत्र येत होते, पाववाला सायकलची घंटी वाजवत येत होता. वाण्याकडे यादी टाकली की संध्याकाळी हमाल डोक्यावरून पोते आणून टाकत असे. मुंबईचे डबेवाले सव्वाशे वर्षांहून अधिक काळ घरचे जेवण कचेरीत पोहोचवत आहेत, आणि मधुमेह वा आम्लपित्त असलेल्या नोकरदारांवर त्यांचे किती उपकार आहेत, हे आमच्यासारख्यांना विचारावे. बदलले ते इतकेच की, पूर्वी ओळखीवर चालणारी सोय आता फोनवर चालते.

आता डॉक्टर म्हणून माझ्यावर उलटणारा युक्तिवाद. तुम्हीच लोकांना चाला म्हणून सांगता, मग घरबसल्या सर्व काही मागवण्यावर कर बसला तर तुम्हाला आनंद व्हायला हवा! चालायला मी सांगतोच. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालावे, भाजी स्वतः निवडून आणावी, दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानासाठी दुचाकी काढू नये, हे मी रोज बोलतो, आणि तिशीतला धडधाकट तरुण कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दाराशी मागवतो तेव्हा माझ्याही कपाळावर आठी उमटते. रात्री साडेअकराला येणारे चीजचे डबे मला रुग्णांच्या वजनाच्या काट्यावर दिसतात. परंतु कर पोहोचवण्यावर बसवला, तर त्याला चीजचा डबा आणि इन्सुलिनची पेटी यांतला भेद कळत नाही. धडधाकट तरुणाला त्या सात रुपयांची फिकीर नसते. तो मागवायचे थांबवत नाही. गुडघे गेलेल्या आजीला चालणे शक्य नसते. ती मागवणे पुढे ढकलते. आरोग्याला अपायकारक वस्तू महाग करायची असेल, तर कर त्या वस्तूवर बसवावा. याच परिषदेने साखरयुक्त शीतपेयांवर 40 टक्के दर ठेवला आहे आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तंबाखूवर कितीही कर बसवा, मी टाळ्या वाजवीन. हॉटेलचे तळकट जेवण 5 टक्क्यांत आणि ते आणणे 18 टक्क्यांत, हा मात्र आरोग्याचा विचार नव्हे.

दुसरा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो. उन्हातान्हात राबणाऱ्या या मुलांसाठी काही करायचे तर पैसा कोठून तरी आलाच पाहिजे. ही मुले माझ्याकडे येतात. पंचविशीत कंबर धरलेली असते, मनगटे दुखत असतात. उन्हाळ्यात लघवीची जळजळ घेऊन येणारे तर कित्येक. पाणी कमी प्यायचे, कारण वाटेत मोकळे होण्याची सोय नाही. इमारतीतल्या लोकांनी यांना निदान पाणी विचारावे, स्वच्छतागृह वापरू द्यावे, अशी माझी जुनी विनवणी आहे. त्यांच्या सुरक्षेसाठीचा निधी मला हवाच आहे. परंतु हा कर त्यासाठी नाही. तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यांच्यासाठीची तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये स्वतंत्रपणे आहे. ती 21 नोव्हेंबर 2025पासून अमलात आली असून कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वाटा कामगारांच्या निधीत द्यावा, मात्र तो कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे तिच्यात आहे. राजस्थानने 2023 साली आणि कर्नाटकाने 2025 साली याच हेतूने आपापले कायदे केले. अपघात झालेल्या मुलाच्या रुग्णालयाच्या बिलासाठी पैसा थेट जाणार असेल, तर माझ्या मागणीमागे दोन रुपये मी आनंदाने देईन, आणि वर उल्लेखिलेल्या आजीही देतील, अशी माझी खात्री आहे.

परदेशातही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने जुलै 2022पासून घरपोच मालावर प्रत्येक फेरीमागे 27 सेंट शुल्क बसवले. रस्त्यांची झीज आणि वाहतुकीचा खर्च ही कारणे पुढे केली. मिनेसोटा राज्याने जुलै 2024पासून 100 डॉलरच्या वरच्या खरेदीवर 50 सेंट बसवले. दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. मिनेसोटाने लहान खरेदीला हात लावला नाही. आणि औषधे, वैद्यकीय उपकरणे, अन्न तसेच तान्ह्या मुलांच्या काही वस्तू या शुल्कातून वगळल्या. आपल्याकडे नेमके उलटे घडते आहे: मोठी खरेदी सुटते, लहान खरेदी सापडते, आणि औषधाला वेगळी वागणूक नाही. वगळणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. अ‍ॅपवरील पावतीत औषध वेगळे ओळखता येते, तेथे औषध-परवान्याचा क्रमांकही असतो. मार्च 2020मध्ये, टाळेबंदी लागताच, केंद्र सरकारने परवानाधारक दुकानांना चिठ्ठीवरची औषधे त्याच जिल्ह्यातील रुग्णाला घरपोच देण्याची मुभा एका अधिसूचनेने दिली होती. तेव्हा तीच सेवा अत्यावश्यक ठरली होती. रुग्णाच्या घरातली टाळेबंदी तेव्हा संपली नाही, ती आजही चालूच आहे.

कर असो वा नसो, औषध मात्र चुकता कामा नये. म्हणून घरातील कर्त्या माणसांसाठी चार गोष्टी. अपस्माराचे, हृदयाचे, रक्त पातळ ठेवण्याचे, थायरॉईडचे औषध, इन्सुलिन, दम्याचा पंप आणि स्टिरॉइडच्या गोळ्या यांचा किमान दहा दिवसांचा साठा घरात शिल्लक असतानाच पुढची मागणी नोंदवावी. एका महिन्याची सर्व औषधे एकाच तारखेला संपतील अशी जुळवणी डॉक्टरांकडून करून घेता येते. त्याने फेऱ्याही वाचतात आणि शुल्कही. शेजारच्या औषध दुकानदाराशी ओळख ठेवावी. तो घरी पाठवतो, बहुधा पैसेही मागत नाही, आणि चिठ्ठीत काही विसंगत दिसले तर मला दूरध्वनी करतो. तसा अजून कोणत्या अ‍ॅपने केलेला नाही. इमारतीत आजारी वृद्ध असतील तर महिन्यातून एकदा दुकानापर्यंत जाणाऱ्या तरुणाने त्यांची यादी विचारून जावे.

इन्सुलिन घरपोच मागवणाऱ्यांनी एक काळजी आवर्जून घ्यावी. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहिले पाहिजे. पिशवी हातात येताच ती थंड आहे ना, हे पाहावे. ती कोमट लागली, किंवा बर्फाला चिकटून औषध गोठलेले दिसले, तर ते ठेवून न घेता त्याच मुलाच्या हाती परत द्यावे आणि दुकानाला लगेच कळवावे. त्यात त्या मुलाचा दोष नसतो, म्हणून त्याच्यावर ओरडू नये. दुपारची वेळ असेल तर त्याला आधी पाणी द्यावे.